गाठ दुखत नव्हती, दवाखाना दूर होता

आमच्या तालुक्याच्या नावातच सडक आहे. अर्जुनी मोरगाव ते वेगळे आणि आमची ही सडकेवरची अर्जुनी वेगळी. जुना सहा नंबरचा, आता ५३ नंबरचा झालेला नागपूर-रायपूर हमरस्ता तालुक्याच्या मधून जातो. कोहमाऱ्याच्या चौकात उभे राहिले तर एका हाताला नागपूर, दुसऱ्या हाताला रायपूर, इकडे गोरेगाववरून गोंदिया आणि तिकडे नवेगावबांध. ट्रकांची रांग रात्रीसुद्धा तुटत नाही. सौंदडला रेल्वेही आहे. परका माणूस हे पाहून म्हणेल, या लोकांना जाण्यायेण्याचे काय दुःख असणार!

पण सडक तालुक्यातून जाते, घराघरातून जात नाही. आमचे गाव हमरस्त्यापासून चौदा किलोमीटर आत, जंगलाच्या कडेला आहे. सकाळची एस.टी. चुकली की काळीपिवळी भरेपर्यंत बसायचे, आणि ती भरली नाही तर घरी परतायचे. हमरस्त्याला लागल्यावर पुढे नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पुरुषमाणसाला हे अंतर एका दिवसाचे आहे. बाईमाणसाला, त्यातही आजारी बाईला, ते किती दिवसांचे होते हे आमच्याच घरात मोजले गेले. तेच आज सांगायचे आहे.

विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे. हा शब्द घरात मोठ्याने उच्चारायला आपल्याला संकोच वाटतो. दाढ दुखली तर आपण ओसरीवर सांगतो, पण छातीत काही लागले तर चुलीपाशीसुद्धा सांगत नाही. हे साप्ताहिक घरातली सगळी माणसे वाचतात. सासूबाई वाचतात, मामंजी वाचतात, कॉलेजातला मुलगा वाचतो. म्हणून तर इथेच लिहिले पाहिजे.

२०२२ साली माझ्या नणंदेच्या मुलीला, म्हणजे आमच्या भाचीला, छातीत गाठ लागली. ती नागपुरात दिलेली आहे. नवरा मिस्त्रीकाम करतो, ती घरी शिवणकाम करते. शिक्षण सातवीपर्यंत. सोमवारी अंघोळ करताना गाठ हाताला लागली. मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंना दाखवली. बुधवारी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा खास एक्स-रे, झाला. शनिवारी जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. पुढच्या आठवड्यात अहवाल आला. गाठ लागली त्या दिवसापासून निदान हाती येईपर्यंत पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. गाठ बोराएवढी होती. डॉक्टरांनी ती आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढला, स्तन तसाच ठेवला. नंतर किरणांचा उपचार झाला. आता रोज एक गोळी घेते आणि शिलाई मशीनवर बसते.

दुसऱ्या वर्षी, २०२३ च्या रोवणीत, माझ्या धाकट्या जावेला गाठ लागली. वय सत्तेचाळीस, शिक्षण दहावी पास. बचत गटाचा हिशेब तीच लिहिते. त्या वर्षी धोंड्याचा महिना आला होता, श्रावण दोन होते. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बाईची कंबर दुखते, मनगट दुखते, पायाच्या बोटांना चिखल्या होतात. इतकी दुखणी असताना न दुखणाऱ्या गाठीकडे कोण पाहणार? तिने वाटले, रोवणी आटोपली की पाहू.

पोळ्याच्या दिवशी, म्हणजे १४ सप्टेंबरला, पुरण शिजत असताना ती माझ्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “बाई, इथं कंचासारखं काहीतरी लागते वो. पण दुखत तं नाही.”

मी म्हणाले, “दुखत नाही म्हणूनच दाखवायचं. उद्या आशाताईशी बोलते मी.”

चौथ्या दिवशी आमच्या उपकेंद्रात नर्सबाईंनी दार लावून तिला तपासले. दोन्ही बाजू, दोन्ही काखा, निवांतपणे. त्यांनी तिला घाबरवले नाही आणि खोटा धीरही दिला नाही. “गाठ आहे. कशाची आहे ते हाताने कळत नाही. पण वाट पाहू नका,” असे म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. म्हणजे गावात जे होण्यासारखे होते ते चार दिवसांत झाले. पुढचे चार महिने गावाबाहेर गेले.

ते कसे गेले तेही सांगते. पहिल्यांदा दोघी गेलो तेव्हा मोठ्या दवाखान्यात पोचायला बारा वाजले. चिठ्ठी काढून डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत दुपार झाली आणि सोनोग्राफीला पुढच्या आठवड्याचा वार मिळाला. पुढच्या आठवड्यात गेलो तर त्या दिवशी सोनोग्राफीचे डॉक्टर बाहेरगावी होते. तिसऱ्या खेपेला सोनोग्राफी झाली आणि सांगण्यात आले की सुईची तपासणी करावी लागेल, ती दुसरीकडे होते. प्रत्येक खेपेला पहाटे चारला उठून भाकरी बांधायच्या, गोठा उरकायचा, सकाळची एस.टी. गाठायची आणि रात्री हमरस्त्यावरून कोणाच्या तरी मोटारसायकलीने घरी यायचे. त्या दिवसाची मजुरी बुडायची. सोबत येणाऱ्याचीही बुडायची.

तेवढ्यात हलका धान कापायला आला. मग दिवाळी, मग गावची मंडई. मंडईला लेकीबाळी, जावई, पाहुणे येणार, आणि घरची सून दवाखान्यात कशी जाणार? मंडई झाली तर भारी धान पिकून उभा. धान पडला तर वर्ष पडले. माझे दीर वाईट माणूस नव्हेत. ते रोज म्हणायचे, चुरणी झाली की पहिले नागपूर. ती डिसेंबरात नागपूरला गेली, सुईची तपासणी झाली, आणि अहवाल हाती आला तेव्हा संक्रांतीचे वाण लुटून झाले होते. कंचाएवढी गाठ लिंबाएवढी झाली होती. काखेतही गाठी लागत होत्या.

जाऊबाई आज आहे, हे देवाचे आणि डॉक्टरांचे उपकार. आधी सलाइनमधून औषधाचे डोस झाले, मग स्तन काढावा लागला, मग किरणांसाठी नागपुरात भाचीकडे मुक्काम झाला. उपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला. हे मान्य केलेच पाहिजे, नाहीतर शेत विकावे लागले असते. पण वाटेचा, मुक्कामाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कोणत्या योजनेत बसत नव्हता. एक दुभती म्हैस आणि चार शेळ्या त्यात गेल्या. त्या बाजूचा तिचा हात सुजतो, म्हणून ती आता चिखलात उतरत नाही. रोवणीला बांधावर बसून सगळ्यांचे डबे सांभाळते. रोग परत येईल का, याची धास्ती तिला भाचीपेक्षा जास्त आहे. ती का जास्त आहे, हे तिलाही ठाऊक आहे.

गावात दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. कोणी म्हणाले, या घराला काही लागले आहे, एकीपासून दुसरीला झाले. मायबहिणींनो, हा रोग लागट नाही. एका ताटात जेवल्याने, एकीचे लुगडे दुसरीने नेसल्याने, लेकराला पाजल्याने तो कोणाला होत नाही. भाची आणि जाऊ यांचे रक्ताचे नातेही नाही. आई, सख्खी बहीण किंवा मुलगी हिला हा रोग झाला असेल तर धोका थोडा जास्त असतो, एवढे खरे. लेकराला अंगावर पाजल्याने धोका कमी होतो, हेही खरे. पण जाऊबाईने तीन लेकरे अंगावर पाजली होती. कमी होणे म्हणजे नाहीसा होणे नव्हे.

दुसरे काही जण म्हणाले, खेड्यातल्या बाया अडाणी, अंगावर दुखणे काढतात. याचा मला राग येतो. आमच्या घरात सातवी शिकलेली बाई लवकर पोचली आणि दहावी पास झालेली उशिरा पोचली. दोघींना गाठ अंघोळीतच लागली, दोघी सारख्याच लाजाळू. जाऊबाईने रोवणीत दोन महिने काढले हे खरे, पण ते शेताने काढायला लावले. आणि सांगितल्यानंतरचे चार महिने तर रस्त्याने आणि रांगेनेच खाल्ले. एकीच्या गल्लीत दवाखाना होता आणि दुसरीच्या गल्लीत नव्हता, एवढाच फरक.

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, असे आपण म्हणतो. हा रोग येतोसुद्धा मुंगीच्याच पावलाने. म्हणून त्याच्यात महिन्यांना किंमत आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार बाया त्याने गेल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. बायांना होणाऱ्या कर्करोगांत आपल्याकडे हाच आता पहिल्या क्रमांकावर आहे. देशातील अकरा ठिकाणच्या कर्करोग नोंदींचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. रोग स्तनापुरताच असताना सापडलेल्या शंभर बायांतल्या सुमारे ८१ पाच वर्षांनंतर हयात होत्या. रोग अंगभर पसरल्यावर सापडलेल्या शंभरातल्या जेमतेम १८ हयात होत्या. त्याच अभ्यासात ठिकाणाठिकाणांतला फरकही दिसला. मिझोराममध्ये शंभरातल्या सुमारे ७५ बाया पाच वर्षे जगल्या, तर अरुणाचलातल्या पासीघाटला सुमारे ४२. देश एक, रोग एक, औषधेही तीच. पण बाई राहते कुठे, यावर तिचे आयुष्य कमीजास्त होते.

मग गाठ मोठी होण्याआधी ती सापडावी कशी? शहरातली सुशिक्षित माणसे लगेच मॅमोग्राफीचे नाव घेतात. ते यंत्र चांगले आहे यात शंका नाही. हाताला न लागणारी गाठही त्यात दिसू शकते. इंग्लंडात १९८८ पासून सरकारच पत्र पाठवून पन्नाशीपुढच्या बायांना दर तीन वर्षांनी या तपासणीला बोलावते. दूरच्या गावांसाठी यंत्र बसवलेली मोठी गाडी बाजारच्या जागेत आणून उभी करतात. पण त्या यंत्राला अखंड वीज लागते, शिकलेला तंत्रज्ञ लागतो, फोटो वाचणारा डॉक्टर लागतो. शिवाय तरुण बायांच्या स्तनांत त्याला नीट दिसत नाही. गावोगाव ते यंत्र येईपर्यंत आपण हातावर हात देऊन बसायचे का?

याचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने शोधले आहे. १९९८ साली त्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. सुमारे दीड लाख बाया त्यात होत्या, ३५ ते ६४ वयाच्या. अर्ध्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना शिकवून तयार केले आणि त्यांनी दर दोन वर्षांनी घराजवळच बायांची छाती हाताने तपासली. यंत्र नाही, डॉक्टर नाही, फक्त शिकवलेले हात. उरलेल्या वस्त्यांत रोगाची माहिती तेवढी सांगितली. वीस वर्षे दोन्हींकडे लक्ष ठेवले आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या वस्त्यांत हाताने तपासणी झाली तिथे पुढच्या टप्प्यात गेलेला रोग शंभरात ३७ जणींत सापडला, इतर वस्त्यांत ४७ जणींत. पन्नाशीच्या पुढच्या बायांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायांत मृत्यू घटल्याचे मात्र दिसले नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. म्हणजे हात हा काही रामबाण नव्हे. पण जो हात दहावी शिकलेल्या बाईला शिकवता येतो तो आपल्या उपकेंद्रातही असू शकतो.

आणि खेड्यात नुसत्या बोलण्यानेही फरक पडतो, याचा दाखला सोलापूर जिल्ह्यात बार्शीला आहे. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसे गावोगाव फिरत, रोगाची लक्षणे सांगत, कोणाला त्रास असेल तर दवाखान्यात आणत. काही वर्षांत असे दिसले की गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. तो रोग वेगळा, पण बाई तीच आणि तिचा संकोचही तोच. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायांची तपासणी केली आणि १९८९ साली जगापुढे मांडले की शंभरातल्या ९२ बायांना अंगावरचे काही ना काही आजार होते, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त ८ होत्या. बाया बोलत नाहत, असे नव्हे. त्यांना कोणी विचारत नव्हते.

आता विचारण्याचा नियम झाला आहे. २०१६ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात असे ठरले आहे की तिशीपुढच्या बाईची स्तनाची तपासणी दर पाच वर्षांनी गावाजवळच व्हावी. आशाताई घरी येऊन जो कागद भरतात, त्यात छातीत गाठ आहे का, आकार बदलला आहे का, बोंडातून रक्त येते का, असे प्रश्न असतात. कागद चांगला आहे. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारले, तेव्हा स्तनाची तपासणी कधीतरी झालेल्या बाया शंभरात एकसुद्धा भरली नाही, ०.९ टक्के एवढ्याच निघाल्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सगळ्या देशांपुढे एक माप ठेवले. गाठ घेऊन बाई पहिल्यांदा दवाखान्यात आली की साठ दिवसांच्या आत निदान पूर्ण झाले पाहिजे. भाचीचे दिवस या मापात बसतात. जाऊबाईचे दुप्पट भरतात.

म्हणून माझे म्हणणे असे. आपल्याकडे शिबिरे होतात, भाषणे होतात, गुलाबी फिती लावतात. त्यात वाईट काही नाही. पण शिबिरात गाठ सापडली आणि पुढची वाट मोकळी नसेल, तर त्या बाईच्या पदरात नुसती धास्ती पडते. पहिली तपासणी हाताची, ती गावात होऊ शकते. शेवटचे उपचार मोठ्या शहरात, तेही समजते. किरणांची यंत्रे तालुक्याला येणार नाहीत. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. उपचारासाठी तिथे जावे लागले तर जाऊ. अडते ते मधल्या टप्प्यावर, म्हणजे चिठ्ठी मिळाल्यापासून सुईची तपासणी होईपर्यंत. हा टप्पा तालुक्याला आणता येतो.

सुईच्या तपासणीत गाठीचा बारीक तुकडा काढतात आणि औषधाच्या बाटलीत ठेवतात. त्या बाटलीला भाकरी बांधावी लागत नाही, तिची मजुरी बुडत नाही, तिच्या घरी धान पडत नाही. शिकलेला डॉक्टर महिन्यातून एक ठरलेला दिवस तालुक्याच्या रुग्णालयात आला, त्याने तुकडा काढला आणि बाटली नागपूरला पाठवली, तर बाईला नागपूरला जायचे कारण उरत नाही. अहवाल तिच्या गावच्या नर्सबाईंकडे यावा. बहुतेक गाठी साध्याच निघतात. त्या बायांची खेप कायमची वाचेल, आणि जिचा अहवाल वाईट येईल ती वेळ न घालवता थेट उपचाराला जाईल. दवाखान्याच्या खेपा बाईने मारण्याऐवजी बाटलीने माराव्यात, एवढेच हे मागणे आहे.

दुसरे मागणे वेळापत्रकाचे. सरकारी शिबिरे शहरातल्या दिनदर्शिकेवर ठरतात. झाडीपट्टीतल्या बाईची दिनदर्शिका धानाची आहे. जुलै-ऑगस्टात रोवणी, ऑक्टोबरपासून कापणी आणि चुरणी, मे महिन्यात तेंदूपत्ता. मधे दोन फटी असतात: एक पोळ्यानंतर कापणी लागेपर्यंत, दुसरी संक्रांतीनंतर तेंदूपत्ता सुरू होईपर्यंत. तपासणीचा दिवस या फटींत ठेवा, आठवडी बाजाराच्या वारी ठेवा, बाया आपण होऊन येतील. रोवणीच्या आठवड्यात ठेवाल तर रिकाम्या खुर्च्यांचे फोटो निघतील आणि अहवालात लिहिले जाईल की बाया उदासीन आहेत.

आमच्या बचत गटाने हा विषय ग्रामसभेत काढला. सुरुवातीला पुरुषमंडळी खाली पाहू लागली. मग जाऊबाईच उभी राहिली आणि म्हणाली, “माझं जे झालं ते तुमच्या घरी होऊ नये म्हणून बोलते जी.” त्यानंतर कोणी हसले नाही. उपकेंद्रात तपासणीच्या जागी पडदा आणि चांगला बाक यावा, महिन्याचा एक वार बायांसाठी ठरावा, असा ठराव झाला. पडदा आणि बाक आले आहेत, वारही ठरला आहे. तालुक्याला सुईच्या तपासणीचा दिवस मिळावा म्हणून अर्ज वर पाठवला आहे. एका गावाच्या अर्जाने हे होणार नाही. दहा गावांचे अर्ज गेले तर विचार करावा लागेल.

आता घरोघरी लक्षात ठेवायच्या गोष्टी. छातीत किंवा काखेत गाठ, विशेषतः न दुखणारी. कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. बोंड आत ओढले जाणे. बोंडातून रक्त येणे. बोंडावरची बरी न होणारी जखम. एका बाजूचा आकार अचानक बदलणे. यातले काही दिसले तर त्याच आठवड्यात उपकेंद्रात दाखवा. वय कितीही असो, पाळी गेलेली असो वा नसो. उलट वय वाढते तसा धोका वाढतो, म्हणून घरातल्या आजीबाईंना विसरू नका. पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो. गाठीवर तेल चोळू नका, लेप लावू नका, कोणाच्या सांगण्यावरून ती फोडू वा कापू देऊ नका. आपले अंग आपल्या ओळखीचे असावे, पण स्वतः चाचपले म्हणजे तपासणी झाली, असे समजू नका. तिशी ओलांडली असेल तर तक्रार नसतानाही नर्सबाईंकडून तपासून घ्या. आणि गाठ लागली म्हणजे कर्करोगच, असे समजून अंथरूण धरू नका.

चिठ्ठी मिळाली तर ती डब्यात ठेवू नका. दवाखान्यात जाण्याआधी आशाताईंकडून फोन करून विचारून घ्या की त्या दिवशी सोनोग्राफी आहे का, डॉक्टर आहेत का. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा, योजनेसाठी लागतात. एस.टी.त मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला उपचारासाठी रेल्वेत सवलत मिळते; तिचा कागद दवाखान्यातून मागून घ्यावा लागतो.

शेवटचे दोन शब्द घरच्या कर्त्या पुरुषांना. बैल लंगडला तर तुम्ही त्याच दिवशी डॉक्टर आणता, कारण बैलाशिवाय शेत अडते. घरच्या बाईशिवायही शेत अडते, म्हणूनच तर तिला दवाखान्यात पाठवायला तुम्हाला सवड होत नाही. एक दिवस शेजारणीला मजुरी देऊन कापायला लावा, एक दिवस भाकरी तुम्ही थापा. आणि पुढच्या ग्रामसभेत हा विषय तुम्हीच काढा. बाईने काढला तर माना खाली जातात. तुम्ही काढलात तर त्या वर राहतील.